आबाजीचं चाक

देवाजी सुताराचं म्हणणं असं, की आयुष्यात आपल्या हातून दोन गोष्टी कधी वाकड्या गेल्या नाहीत. एक चाक आणि दुसरी जबान. जबानीबद्दल बोरटेकडीच्या लोकांना आधीपासूनच शंका होती. चाकाचं एका श्रावणात कळलं.

पावसानं दडी मारून आठवडा झाला होता. कोराडीच्या वीजकेंद्राच्या बाजूनं वारा आला की राख यायची. पाण्याच्या गुंडावर, वाळत घातलेल्या लुगड्यावर, म्हशीच्या पाठीवर तिचा थर बसायचा. पांढरी म्हैस विकत घ्यायला एक माणूस पार उमरेडहून आला होता, आणि म्हशीला धुतल्यावर तसाच परत गेला, असं देवाजी सांगे.

त्या दिवशी तो ओसरीवर बसून पटाशीला धार लावत होता, तेव्हा लकडगंजातून चंपतरावचा टेम्पो आला. चंपतरावचं तिकडं खेळण्यांचं दुकान. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, आणि तान्ह्या पोळ्याला नागपुरातल्या प्रत्येक लेकराला ओढत न्यायला चाकावरचा लाकडी बैल लागतो. दुकानातले बैल तीस वर्षं देवाजीच्याच हातचे. अजून माल न्यायला आला असेल म्हणून देवाजी उठला, तर टेम्पोतून मालच उतरला. गेल्या सोमवारी नेलेले वीसच्या वीस बैल.

"काहून गा?" देवाजीनं विचारलं.

चंपतरावनं एक बैल उचलून ओसरीवर ठेवला आणि दोरीनं ओढला. बैलानं नाक खाली घातलं, ढुंगण वर केलं, जरा थांबला, मग डाव्या अंगाला कलला. बाजाराच्या दिवशी भट्टीवरून घरी निघालेला माणूस चालतो तसा तो चालत गेला.

"गिऱ्हाईक म्हनते, चंपतराव, आमाले बैल पायजे होता, बेवडा नाई."

"तुह्या दुकानाच्या फरशीले उतार असन."

"हे तुही ओसरी आहे, देवाजी."

"मंग माह्या बी ओसरीले उतार आहे. पानी वाहून जावं म्हून माह्या बापानं तशीच बांधली."

चंपतरावनं कपाळावरचा घाम पुसला. "उताराचं मले नोको सांगू गा. चाकं बदलून ठेव. पोळ्याच्या आदल्या दिवशी मी सोता येतो. नाई बदलली तं यंदा प्लास्टिकचे बैल ठेवन मी."

टेम्पो गेला. त्याच्या मागे उडालेली राख देवाजीच्या मिशीवर बसली.

देवाजीचा बाप गाडीची चाकं करायचा. त्यानं केलेलं एक चाक म्हणे टेकडीवरून सुटलं ते थेट कामठीच्या बाजारात गेलं, आणि संध्याकाळी बाजार उठल्यावर आपलं आपण परत आलं. असल्या बापाचा लेक पट्टी-कंपास कशाला हातात धरेल? देवाजी लाकडाकडे एकदा पाही, पेन्सिल फिरवी आणि करवत लावी. "डोळा हाच माहा कंपास," असं तो म्हणे. गेल्या दोन सालांत त्यातल्या डाव्या डोळ्यावर दुधाची साय धरावी तसं काहीतरी धरलं होतं. सून मोनालीनं तीनदा सांगून पाहिलं, मामाजी, तपासनीचं शिबिर आहे, चाला. दर वेळी तो म्हणे, राख गेली डोळ्यात, धुतली का निघन.

दुपारी मोनाली घरी आली. ती गावच्या अंगणवाडीची ताई. नवरा श्रीधर बुटीबोरीला कापडाच्या मिलमध्ये पाळीवर, म्हणून दिवसभर घरात बोलायला सासराच. रोज आल्याबरोबर ती चपला काढून पायांवर पाणी घेई. आज चपलांसकट पायरीवर बसली.

"मामाजी, आपली अंगनवाडी जाते."

"कोठी जाते?"

"सडकेपलीकडे. वरून पत्र आलं. पंधराच्या खाली लेकरं असन तं बाजूच्या अंगनवाडीत जोडून टाकाची. आपले चौदा."

देवाजीनं पटाशी खाली ठेवली. सडक म्हणजे कोळशाच्या ट्रकांची सडक. एक ट्रक गेला की बोरटेकडीतल्या साऱ्या फळ्यांवरचे डबे एकमेकांशी बोलतात. मागच्या उन्हाळ्यात तिथं नत्थूची गाय गेली होती, आणि गाय काही लहान नसते.

"निंदनाचे दिवस आहेत," मोनाली म्हणाली. "बाया सकाळी सातले वावरात जाते. चार वर्साच्या लेकराले कोन नेईन सडकेपलीकडे? कोनीच धाडनार नाई. बांधावर बसवतीन उन्हात."

"तुह्या वरच्या मॅडमले सांग न."

"सांगितलं. नूपुर मॅडम चांगल्या आहेत. त्या म्हनल्या, पोळ्याच्या आदल्या दिवशी येतो, लेकराईची तयारी पाहतो. गोल, चौकोन, आयत, त्रिकोण, चारी आकार सारे आले पायजे. आले तं तसं लिहून देईन, राहू देतीन. नाई आले तं माह्या हाती काही नाई." तिनं पदरानं मान पुसली. "येतीन कोठून? आकाराचा एकच तक्ता, त्याले भिताडाची ओल लागली. गोल दाखवा म्हनलं का लेकरं बुरशीच्या डागावर बोट ठेवते."

देवाजी हसला. तीही हसली, पण थोडी.

"तुमच्याकडचे लाकडाचे तुकडे देता का, मामाजी? हातात घेऊ द्या त्याईले. घासू द्या, फेकू द्या."

देवाजीनं कोपऱ्यातलं पोतं ओढलं. त्यात बैलांची शिंगं कापताना निघालेल्या तिकोन्या होत्या, पाटांचे लांबट तुकडे होते, चौकोनी ठोकळे होते. पोत्याचं तोंड बांधायच्या आधी त्यानं इकडेतिकडे पाहिलं आणि वीस बैलांची उपटलेली ऐंशी चाकंही आत लोटली. नजरेआड झालेली बरी.

"गोलाचा सवालच नाई," तो म्हणाला. "ऐंशी गोल देऊन राह्यलो तुले. चंपतरावच्या नजरेत खोट आहे, चाकात नाई."

मोनालीनं पोतं डोक्यावर घेतलं.

दुसऱ्या दिवशी देवाजी काहीतरी निमित्त काढून समाजमंदिराकडे गेला. अंगणवाडी तिथल्याच पडवीत भरे. मागच्या चुलीवर मदतनीस मीराबाई खिचडी हलवत होती. पडवीच्या पायरीला मोनालीनं एक फळी तिरपी लावली होती आणि चौदा लेकरं पोत्यावर तुटून पडली होती. कोणत्याही तुकड्याचं नाव तिनं सांगितलं नव्हतं. एवढंच म्हणाली होती, "वरून सोडा आन् पाहा काय करते ते."

तिकोनी पोटावर घसरत गेली. ठोकळा अर्ध्यात अडून बसला, त्याला ढकलावं लागलं. मीराबाईच्या डब्याचं झाकण सोडलं तर ते पडवीभर गडगडत गेलं, अंगणात उतरलं, लिंबाच्या बुडाशी तीन गिरक्या घेऊन पडलं, आणि चौदा लेकरं ओरडत त्याच्या मागे. तेवढ्यात मोनालीनं सांगून टाकलं, हे गडगडते, हे गोल. हे तीन टोकाचं, टोचते, हे त्रिकोण. याच्या चारी बाजू सारख्या, हे चौकोन. हे लांबोळं, झोपलं तं झोपते, उभं केलं तं उभं राहते, हे आयत.

मग ढीग लागले. देवाजी दाराशी उकिडवा बसून पाहत होता. चार ढीग ठीक होते, गोलाच्या ढिगात मात्र एकटं झाकण होतं. पाचवा सगळ्यांत मोठा होता.

"हे कायचं गा एवढं?" त्यानं विचारलं.

मीराबाईची नात पिंकी त्या ढिगाची मालकीण होती. पाच वर्षांची, समोरचा एक दात पडलेला, फ्रॉकचं मागचं हूक उघडं.

"हे आबाजीचं," ती म्हणाली.

"आबाजीचं म्हंजे?"

"म्हंजे तुमचं. हे घसरत नाई आन् गडगडत बी नाई." तिनं एक चाक फळीवरून सोडून दाखवलं. चाक उठलं, बसलं, उठलं, आडवं झालं. "हे ढुबूक ढुबूक करते."

देवाजी उठला. "पोट्टे हो, तुमच्या पडवीले उतार आहे. मीराबाई, लोटाभर पानी आन वं."

मीराबाईनं लोटा आणला. देवाजीनं पडवीच्या मधोमध पाणी ओतलं. चौदा लेकरं, मोनाली आणि मीराबाई वाकून पाहू लागली. पाणी ना इकडे गेलं ना तिकडे. सभेला आलेल्या माणसासारखं ते बसून राहिलं.

"लाकडाले ओल लागली असन," देवाजी म्हणाला.

"आबाजी, पाऊस तं आलाच नाई," पिंकी म्हणाली.

मीराबाईनं तोंडावर पदर घेतला आणि ती चुलीकडे गेली. देवाजी खिचडी न खाताच घरी आला. आल्याबरोबर त्यानं नवी फळी काढली आणि डोळ्यानं पाहून आठ चाकं कापली. दार लोटून घेतलं. पाट तिरपा लावून एकेक सोडलं.

ढुबूक. ढुबूक.

कोपऱ्यात अंड्यावर बसलेली कोंबडी मान वाकडी करून बघत होती. देवाजीनं तिला हाकललं.

तीन दिवस त्यानं करवतीला हात लावला नाही. ओसरीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला तो बापाचं चाक सांगे, पण कामठीला पोचायच्या आधीच गोष्ट संपे. वीस बिनचाकाचे बैल भिंतीला टेकून त्याच्याकडे बघत. चौथ्या दिवशी मोनाली म्हणाली, "मामाजी, समाजमंदिराच्या अंगनात एक खुंटी ठोकून द्या न. लेकराईले मोठा गोल काढून दाखवतो म्हनलं मी."

तो लोखंडी खुंटी आणि घण घेऊन गेला. अंगणात बोटभर राख आणि खाली निव्वळ मुरूम. पहिल्या घावाला खुंटी वाकली, दुसऱ्याला उडून लिंबाला लागली. देवाजीचा हात कोपरापर्यंत झिणझिणला.

"राहू द्या," मोनाली म्हणाली.

"आबाजीलेच खुंटी करू," पिंकी म्हणाली.

लेकरांनी ते ठरवूनच टाकलं. देवाजीला अंगणाच्या मधोमध उभं केलं. बैलाच्या दाव्याची दोन्ही टोकं बांधून मोनालीनं मोठा फेर केला आणि तो त्याच्या घोट्यांभोवती टाकला. फेराच्या दुसऱ्या टोकात काडी अडकवून पिंकीनं दावं ताणलं आणि काडीनं राखेत रेघ ओढत ती वाकून पळत सुटली. बाकीची तिच्या मागे. पोरगी कुठवर गेली ते पाहायला देवाजी वळला आणि रेघ आत घुसली.

"आबाजी, खुंटी पाहत नसते," पिंकी ओरडली.

पुन्हा सुरुवात झाली. देवाजी समोरच्या लिंबावर नजर लावून उभा राहिला. डाव्या पायावर मुंगळा चढला. तो पोटरीपर्यंत गेला, गुडघ्याशी थांबला, विचार करून परत फिरला. एकाहत्तर वर्षांत देवाजी इतका वेळ गप्प आणि स्थिर कधी उभा राहिला नव्हता. त्याची बायको जिवंत असती तर तिनं पाच नारळ फोडले असते.

"भेटलं," पिंकी म्हणाली. "टोकाले टोक भेटलं."

त्यानं खाली पाहिलं. पांढऱ्या राखेत तांबड्या मुरमाची रेघ उमटली होती. तो उजव्या डोळ्यानं सगळीकडून फिरून आला. कुठं फुगली नव्हती, कुठं बसली नव्हती. आपला बाप आऱ्यांवर चाकाच्या कडेचे पाट मांडायच्या आधी एक खिळा ठोकायचा आणि सूत घ्यायचा, ते त्याला आठवलं. डोळ्याले झोप येते, राग येते, म्हातारपन येते, बाप म्हणायचा, सुताले काईच येत नाई. कामठीला जाऊन आलेल्या चाकाच्या गोष्टीतून देवाजीनं तेवढं सूत गाळून टाकलं होतं. त्यानं गोष्टीची मजा जाते.

तेवढ्यात लेकरांतल्या ऋषी आणि रजत यांच्यात खुंटी होण्यावरून भांडण जुंपलं. कोणीच हटेना, तेव्हा मोनालीनं दोघांनाही दोन हातांच्या अंतरानं उभं केलं आणि दाव्याचा फेर दोघांच्याही पायांभोवती टाकला. पिंकी पुन्हा पळाली. या वेळी टोकाला टोक भेटलं तेव्हा सारी लेकरं राखेकडे बघत राहिली. रेघ दोन बाजूंनी लांबली होती, दोन बाजूंनी बसली होती.

"आबाजीचं चाक," चौदा तोंडांनी गिल्ला झाला.

मोनालीनं सासऱ्याकडे पाहिलं. देवाजी हसला नाही, पण चिडलाही नाही. त्यानं घोट्याची राख झटकली आणि घरी जाऊन सुतळीचा गुंडा शोधू लागला.

पुढचे तीन दिवस ओसरीवरून करवतीचा आवाज आला. एका खिळ्याभोवती सूत, सुताच्या टोकाला पेन्सिल. ऐंशी चाकं झाली. मोनालीनं एक उचलून पाहिलं.

"गोल झालं, मामाजी."

"लाकूड नवीन आहे," देवाजी म्हणाला.

पोळ्याच्या आदल्या दिवशी गावात बैल धुणं सुरू होतं. संध्याकाळी त्यांच्या खांद्यांना तूप लावायचं, आज आवतन घ्या, उद्या जेवायले या म्हणायचं. अकरा वाजता नूपुर मॅडमची स्कूटी समाजमंदिरासमोर थांबली. त्यांनी तोंडावरची ओढणी सोडली तेव्हा डोळ्यांभोवती राखेची दोन वर्तुळं होती, बाकी तोंड स्वच्छ. सकाळपासून हे त्यांचं चौथं गाव होतं. थोड्याच वेळात चंपतरावचा टेम्पोही आला. देवाजी घरी नाही म्हणून तो समाजमंदिराकडे आला आणि दाराशी हाताची घडी घालून उभा राहिला. देवाजी उंबऱ्यावर बसला होता.

मॅडमनी पिशवीतून नवी कोरी चित्रं काढली. वर चकचकीत प्लास्टिक. हातात फॉर्म आणि पेन.

"हा कोणता आकार?"

"त्रिकोण. टोचते."

"हा?"

"चौकोन. ढकला लागते."

"आणि हा?"

"आयत. झोपलेला."

मॅडम हसल्या. तीन बरोबरच्या खुणा झाल्या. शेवटचं चित्र मॅडमनी सहज वर धरलं, कारण ते सगळ्यात सोपं.

"आणि हा?"

लेकरांनी माना डावीकडे कलवल्या, उजवीकडे कलवल्या.

"सांगा की. चेंडू कसा असतो?"

"हे आबाजीचं चाक," पिंकी म्हणाली.

"काय?"

"आबाजीचं चाक," सगळी म्हणाली.

मोनालीनं डोळे मिटले. मॅडमचं पेन फॉर्मवर थांबलं. "अहो ताई, गोल येत नाही यांना? गोल तर दोन वर्षांच्या लेकराला येतो. बाकी तिन्ही आले आणि हाच नाही. सगळ्यांनाच नाही." त्या हळू बोलत होत्या, आणि त्यांनाही ते आवडत नव्हतं हे दिसत होतं. "कोण आबाजी?"

चौदा बोटं उंबऱ्याकडे गेली.

"आजोबा, तुम्ही सुतार ना?"

"हाव जी."

"मग तुमचं चाक गोल असणार. म्हणजे मुलांनी वस्तू ओळखली, पण गोल हे नाव त्यांना आलं नाही. असंच लिहावं लागेल मला. तुमचं चाक गोलच ना?"

मागे चुलीवर मीराबाईचा पळा थांबला. चंपतरावनं हाताची घडी सोडली. तीस वर्षांत उताराशिवाय दुसरं उत्तर त्यानं या माणसाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. सडकेवरून एक ट्रक गेला आणि फळीवरचे डबे खणखणले. पिंकी देवाजीकडे बघत होती. गोल आहे असं तो म्हणाला, तर ही पोरगी खोटी पडत होती, आणि तिच्यासकट चौदा लेकरं त्या सडकेवर जात होती.

देवाजीनं मिशीवरून हात फिरवला.

"नाई जी," तो म्हणाला. "माहं चाक गोल नाई. अंड्यावानी आहे. दोन सालापासून डाव्या डोळ्यात पडदा आला, मी कोनाले सांगितलं नाई. लेकराईले पयले समजलं, मले मागून." मग त्यानं मान वळवली. "चंपतराव, तुही फरशी सरळ होती गा."

चंपतरावनं खिशातून पानाची पुडी काढली आणि तशीच परत ठेवली.

"पण मग हे चित्र..." मॅडम म्हणाल्या.

देवाजी उठला. खिशातली सुतळी काढून त्यानं तिचं एक टोक चित्राच्या मधोमध अंगठ्यानं दाबलं, दुसरं रेघेपर्यंत ताणून चिमटीत धरलं आणि फिरवलं. बाजूला सूत रेघेला बरोबर भेटलं. वर गेलं तशी रेघ सुताच्या पुढे बोटभर निघून गेली. खाली आलं, तिथंही तसंच.

मॅडमनी स्वतः एकदा फिरवून पाहिलं, मग पुन्हा एकदा. "गोल छापताना ताणला गेलाय," त्या म्हणाल्या. "सकाळपासून तीन गावांत दाखवला मी हा. सगळीकडे पोरं गोल म्हणाली, आणि मी बरोबर लिहून आले."

"मॅडम, आमाले गोल येते," पिंकी म्हणाली. "दाखवू का?"

होकाराची वाट कोणी पाहिलीच नाही. दावं आलं. मॅडमना हाताला धरून अंगणाच्या मधोमध नेलं, इस्त्रीच्या साडीसकट. घोट्यांभोवती फेर पडला.

"अगं, अगं," मॅडम म्हणाल्या.

"हालू नका जी," देवाजी दारातून म्हणाला. "खुंटीनं पाहाचं बी नाई. लिंबाकडे नजर ठेवा. मुंगळा चढला तं चढू द्या."

पिंकी पळाली, बाकीची तेरा पळाली, राख कमरेपर्यंत उडाली. त्या राखेत मॅडम ताठ उभ्या होत्या, पेन वर धरलेलं, डोळे लिंबावर. टोकाला टोक भेटलं तेव्हा त्यांनी खाली पाहिलं आणि फेरातून पाय न काढताच फॉर्मवर लिहिलं. मोनालीनं मागाहून वाचलं. गोल येतो, मी मध्ये उभी राहून खात्री केली.

मॅडमनी जाताना दोन वाट्या खिचडी खाल्ली. अंगणवाडी आहे तिथंच राहील, असं पत्र पुढं गणपतीत आलं. चंपतराव वीस बैल घेऊन गेला. ओसरीवर एकेक ओढून पाहिला, सगळे सरळ चालले. आता ओसरीचा उतार कोठी गेला गा, असं विचारायची त्याला फार इच्छा होती, पण त्यानं विचारलं नाही.

राहिली ती ऐंशी वाकडी चाकं. पोळ्याच्या दिवशी सकाळपासून देवाजीनं उरल्यासुरल्या तुकड्यांचे चौदा बैल जोडले. धड आयताचं, डोकं चौकोनाचं, शिंगं त्रिकोणाची. कोणता तुकडा कुठं लागतो ते लेकरंच सांगत होती. चाकांच्या वेळी देवाजीनं खिळा आणि सूत काढलं, तर पिंकीनं पोतं पुढं ओढलं.

"आमाले आबाजीची पायजे."

दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्याला बोरटेकडीतून चौदा बैल निघाले. पुढं सरळ चालणारा एक नव्हता. प्रत्येक बैल मान खाली घाली, वर करी, वशिंड डोलवी, जरा थांबे आणि पुन्हा चाले. घरांघरांतून बाया हातातलं पीठ तसंच घेऊन बाहेर आल्या. नत्थू म्हणाला, माहा मोठा बैल असाच चालते वावरातून येताना. खऱ्या बैलांनी गोठ्यातून हंबरून जबाब दिला असंही सांगतात. चौदा लेकरांच्या ओट्या लाडू-करंज्यांनी भरल्या. दुकान आवरून आलेला चंपतराव हे बघत लिंबाखाली उभा होता.

"देवाजी," तो म्हणाला, "पुढच्या साली मले हे डोलनारे पायजे. पन्नास."

"तं मंग बेवडे कोनाले म्हनलं होतं?"

"आता जाऊ दे न गा."

दिवाळीनंतर मोनाली आणि श्रीधर दोघांनी मिळून देवाजीला डोळ्याच्या शिबिरात नेलं. पडदा निघाला. नजर अशी साफ झाली, की कोराडीच्या चिमणीवर बसलेला कावळा म्हातारा की तरुण ते तो ओसरीवरून सांगू लागला. पण पुढच्या श्रावणात डोलणाऱ्या बैलांसाठी फळी घेऊन बसला आणि फसला. डोळ्यानं पाहून कापलं तर चाक गोल. मुद्दाम वाकडं कापावं तर ते बटाट्यासारखं होई, आणि बैल डोलायच्या ऐवजी तोंडावर पडे. तीन फळ्या वाया गेल्या.

पिंकी आता पहिलीत जाई. दप्तर पाठीवरच ठेवून ती ओसरीवर टेकली. पडलेल्या दाताच्या जागी नवा आला होता. तिनं चाकांचा ढीग पाहिला, एक उचलून सोडलं. ते गडगडत गेलं.

"आबाजी, तुमी एकच खिळा ठोकला."

"मंग?"

"दोन ठोका लागते. ऋषी आन् रजत उभे होते न, तसे."

देवाजीनं दोन खिळे ठोकले, दोन बोटांच्या अंतरावर. सुतळीचा फेर दोन्हींवर टाकला आणि पेन्सिल पिंकीच्या हातात दिली. तिनं सूत ताणलं, जीभ दातांत धरली आणि फिरवत टोकाला टोक भेटवलं. देवाजीनं रेघेवरून करवत नेली, कानस मारली, चाक पाटावरून सोडलं.

ढुबूक, ढुबूक, ढुबूक. एका मापात.

"पाहा," पिंकी म्हणाली. "आता बराबर वाकडं झालं."